दोन टन ओढायचे कशानं? : आमची वाटचाल

बीड जिल्ह्यातल्या केजला आमचा जनरेटर भाड्यानं द्यायचा धंदा आहे. लग्नं, जत्रा, सप्ताह, कधी एखाद्या जिनिंगला चार दिवसांसाठी तात्पुरता सेट. लोकांना वाटतं आम्ही वीज विकतो. खरं सांगायचं तर आमचं अर्धं डोकं ओढाओढीत जातं. मांडवात सेट सुरू करायला एक बटण पुरतं, पण तो मांडवापर्यंत न्यायचा म्हणजे दोन टनांचं धूड माळरानातून, घाटातून, मंगल कार्यालयाच्या बोळातून ओढत न्यायचं.

सुरुवात २००७ ची. तेव्हा खेड्यात बारा-बारा, चौदा-चौदा तास लाइट नसायची. बप्पांनी, म्हणजे वडिलांनी, बैलजोडी विकली, मी सोसायटीचं थोडं उचललं आणि १५ केव्हीएचा (केव्हीए म्हणजे सेटच्या ताकदीचं माप) एक जुना सेट घेतला. ओढायला शेजारच्या अण्णांचा ट्रॅक्टर. भाड्याच्या तीन रुपयांतला एक रुपया ट्रॅक्टरला जायचा आणि अण्णांच्या पेरणीची वेळ आली की आमचं लग्न अंधारात. हे असं सात वर्षं चाललं. मधल्या काळात लोडशेडिंग कमी झालं आणि धंदा बसेल अशी भीती वाटली, पण झालं उलटंच. लग्नात एलईडीची भिंत आली, डीजे आला, एसी हॉल आले, लोकांना मोठे सेट लागायला लागले. आम्ही ६२.५ चा सेट घेतला. तो ट्रॉलीसकट दोन टनांच्या घरात जातो.

२०१४ ला जुनी बोलेरो पिकअप घेतली, डिझेलची. ट्रॉली एका फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतली. त्यानं एक्सल बरोब्बर मध्यभागी बसवला, दिसायला एकदम झकास. पहिल्या महिन्यात सोलापूर-धुळे हायवेला मांजरसुंब्याच्या अलीकडं सत्तरच्या स्पीडला ट्रॉलीनं शेपटी हलवायला सुरुवात केली. आधी बोटभर, मग हातभर. ड्रायव्हर मामांनी ब्रेकला हात लावला नाही, नुसता ॲक्सिलेटर सोडून दिला, म्हणून आज हे लिहितोय. ब्रेक मारला असता तर ट्रॉलीनं गाडीला फिरवून आडवं केलं असतं.

घरी आल्यावर बप्पांना सांगितलं. ते उठून ट्रॉलीपाशी गेले, हुकाखाली दोन्ही हात घातले आणि ती उचलून दाखवली. सत्तरीचा माणूस! म्हणाले, "आरं ही उलाळ हाय. बैलगाडीत ज्वारीची पोती मागं जास्त भरली की काय होतं? धुरा वर उठतो, बैलाच्या मानेला फास लागतो. गाडी जराशी पुढं जड पाहिजे." दुसऱ्या दिवशी आडत दुकानातला पोत्याचा काटा आणून हुकाखाली ठेवला. दोन टनांच्या ट्रॉलीचं हुकावर वजन भरलं जेमतेम ४० किलो. एकूण वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे २०० किलोच्या आसपास तरी हुकावर यायला पाहिजे. जनरेटरमध्ये इंजिन आणि रेडिएटरची बाजू जड असते, अल्टरनेटरची हलकी; फॅब्रिकेशनवाल्यानं जड बाजू मागं ठेवली होती. सेट उलटा फिरवला, वीतभर पुढं सरकवला. तेव्हापासून शेपटी हलली नाही. कुठलीही गाडी घ्या, डिझेल घ्या नाहीतर विमान घ्या, ट्रॉली उलाळ असेल तर काही उपयोग नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो: ओढायला गाडी डिझेलची की गॅसची?

१ एप्रिल २०२२ पासून राज्यानं सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला. पेपरात आलं, गावात चर्चा झाली आणि ज्याच्या त्याच्या तोंडी गॅसची गाडी. आमची बोलेरो आठ वर्षं आमच्याकडं आणि त्याआधी दुसऱ्याकडं राबलेली, धूर सोडायला लागलेली. मी वही काढली. मोकळी असताना ती लिटरला १३ द्यायची, सेट ओढताना ८. गॅसच्या पिकअपवाल्यानं सांगितलं, किलोला १९-२०. दोन्हींचे भाव तेव्हा आमच्याकडं नव्वदीच्या आसपास. हिशोब काय, पाचवीतलं पोरगं करील. दसऱ्याला बोलेरो विकली आणि गॅसची घेतली.

त्या हिशोबात मी दोन चुका केल्या. पहिली म्हणजे किलो आणि लिटर एका तराजूत टाकले. एक किलो सीएनजीत एक लिटर डिझेलपेक्षा साधारण तिसरा हिस्सा जास्त उष्णता असते, त्यामुळं ॲव्हरेजचा आकडा मुळातच फुगलेला दिसतो. ते एक असो, पैसे वाचत असतील तर उष्णतेशी आपल्याला काय करायचं? दुसरी चूक मोठी होती. मी ॲव्हरेज विचारलं, पण ओढायला किती जोर आहे ते विचारलंच नाही. नव्या गाडीचं इंजिन १.२ लिटरचं, टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, कागदावर शंभर न्यूटन-मीटरच्या जवळपास, तोही पेट्रोलवर. गॅसवर आणखी कमी, कारण इंजिनाच्या सिलिंडरमध्ये गॅस जागा खातो, तेवढी हवा आत कमी जाते. जुन्या बोलेरोचं इंजिन अडीच लिटरचं, टर्बोचं, टॉर्क जवळजवळ दुप्पट आणि मुख्य म्हणजे तो दीड हजार आरपीएमलाच (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) मिळायचा. गॅसच्या इंजिनाला जोर काढायला तीन हजाराच्या वर पळवावं लागतं. सपाट रोडला हे जाणवत नाही. पण बंद पडलेला दोन टनांचा बोजा चढावर जागचा हलवायचा तेव्हा चाकांचा वेग असतो शून्याच्या जवळ, आणि मधला सगळा फरक क्लच प्लेट भरून काढते. घासून.

हे मला मे २०२३ मध्ये धारूरच्या घाटात कळलं.

तेलगावकडचं लग्न होतं. रात्री साडेअकराला सेट बंद करून निघालो, सकाळी सहाला केजमध्ये दुसऱ्या मांडवात लावायचा होता. येताना घाट चढायचा. तो रस्ता कसा अरुंद आहे ते त्या भागातल्या माणसाला सांगायला नको. दुसऱ्या वळणावर पुढं कडब्याचा ट्रक. दोन्ही बाजूंनी कडबा इतका बाहेर आलेला की समोरून येणाऱ्या एसटीला जागा मिळेना, म्हणून ट्रक थांबला. आम्हीही थांबलो. एसटी गेली, ट्रक हलला, आम्ही हललो नाही. मामांनी तीनदा क्लच सोडून बघितला. चौथ्यांदा केबिनमध्ये जळक्या वहाणेसारखा वास भरला.

"मालक, पाय सोडला की मागं जायलीय," मामा म्हणाले.

पोरानं उडी मारून ट्रॉलीच्या चाकांना दगड लावले. मी खाली उतरून बघतोय तर बॉनेटमधून नाही, गाडीच्या पोटाखालून धूर. चढावर ट्रॉली सोडवता येत नाही, सोडवली तर ती थेट दरीकडं निघते. अर्धा तास तिथंच. मग मागून एक खडीचा रिकामा टिप्पर आला. त्यानं पुढं जाऊन साखळी टाकली, टोचन करून वर धारूरपर्यंत आणून सोडलं. चहा पिताना त्यानं विचारलं, "गाडीला झालं काय?" मी म्हणालो, काही नाही. तो म्हणाला, "मग टोचन कामून?" ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. पाचशे घेतले त्यानं, जास्त नाही.

सहाचा मांडव साडेआठला लागला. नवरदेवाच्या चुलत्यानं जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि मजुरीत सात महिन्यांची गॅसची बचत गेली.

पण उतारावर मात्र गॅसच्या गाडीनं मला चकित केलं. त्याच दिवशी जाताना घाट उतरलो तेव्हा दुसऱ्या गियरला ती माझ्या अपेक्षेपेक्षा बरी धरत होती. आपल्याकडं सगळे सांगतात उताराला डिझेलच पाहिजे. पण पेट्रोल-गॅसच्या इंजिनात ॲक्सिलेटरवरून पाय काढला की हवेची झडप मिटते, इंजिन पोकळी ओढत बसतं आणि तीच गाडीला अडवते. जुन्या डिझेलला अशी झडप नसते. मोठ्या ट्रकला म्हणूनच वेगळा एक्झॉस्ट ब्रेक बसवतात. डिझेल पिकअप उतारावर धरते ती इंजिन मोठं आणि खालचे गियर ठेंगणे म्हणून. तरीही दोन टन मागून ढकलत असताना यातल्या कशाच्याच भरवशावर राहू नये. आम्ही त्याच पावसाळ्यात ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक बसवला, गाडी हळू झाली की ट्रॉली हुकावर दाबली जाते आणि तिचे ब्रेक आपोआप लागतात, तसला. हे २०१४ लाच करायला पाहिजे होतं.

गॅसची दुसरी अडचण पंपाची. तेव्हा आम्हाला गॅससाठी पंचवीस-तीस किलोमीटर जावं लागे. तिथं पाइपलाइन नव्हती. ट्रकवरच्या सिलिंडरच्या जुडग्यातून गॅस यायचा. ट्रक नुकताच आलेला असेल तर २०० बार दाबापर्यंत भरून मिळायचं, तो रिकामा होत आला की दाब पडायचा आणि पाऊण टाकीवर समाधान मानायचं. त्यात रिक्षांची रांग. ओढताना किलोला १० च्या वर कधी मिळालं नाही, म्हणजे पाऊण टाकीत माजलगाव जाऊन येईपर्यंत काटा खाली. पेट्रोलची टाकी आहे पाच लिटरची, अडीअडचणीला. ती अडीअडचण आमच्याकडं आठवड्यातून तीनदा यायची.

आणि एक गोष्ट शोरूममध्ये कुणाच्या डोक्यात येत नाही. आमचा जनरेटर स्वतः डिझेल पितो. मांडवात आमच्याजवळ नेहमी दोन कॅन डिझेल असतं. बोलेरोला रात्री एक वाजता तेल कमी पडलं तर कॅनमधलं दहा लिटर ओतायचं आणि निघायचं. गॅसच्या गाडीच्या मागं ६२ केव्हीए वीज आणि चाळीस लिटर डिझेल असताना आम्ही इंधन संपून रस्त्यात उभे राहिलोय.

२०२३ च्या दिवाळीला पुन्हा डिझेल पिकअप घेतली, नवी, बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांतली. जुनी बोलेरो ज्यानं घेतली तो रोज सकाळी दुधाचे कॅन घेऊन आमच्या दारावरून जातो आणि मुद्दाम हॉर्न वाजवतो.

नव्या डिझेलचंही सगळं गोड नाही. तिच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ म्हणतात. ती काजळी जाळून साफ व्हायला इंजिन बराच वेळ तापून पळावं लागतं. आमचं लगीनसराईतलं काम म्हणजे ह्या कार्यालयातून त्या कार्यालयात, तीन-चार किलोमीटर, मग बंद. दोन महिन्यांत डॅशबोर्डवर दिवा लागला. मामांनी तो फडक्यानं पुसून बघितला! मेकॅनिकनं सांगितलं, गाडीला लांब काढा, दिवा असताना मधेच बंद करू नका. आता गावातल्या गावात सेट हलवायचे पाच दिवस झाले की एक लांबची ऑर्डर आम्ही तिच्याच नावावर ठेवतो.

गॅसची गाडी विकली का? नाही. वर्षाचा हिशोब मांडला तेव्हा दिसलं की आमच्या गाड्या जेवढ्या पळतात त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा ओढायचा असतो. बाकी सगळं केबल, फोकस, पोरं, जेवणाचे डबे, सुटा पार्ट आणायला अंबाजोगाई. मोकळी गाडी. तिथं गॅसच्या गाडीनं किलोला १९ खरंच दिले, त्यात शोरूमवाला खोटं बोलला नव्हता. फक्त तिचा हूक आम्ही काढून टाकला, म्हणजे घाईच्या दिवशी कुणाला मोह नको. देखभाल वेगळी आहे एवढंच: प्लग वेळेवर बदलायचे, व्हॉल्वचं सेटिंग बघून घ्यायचं कारण गॅस कोरडा जळतो, आणि टाकीची तीन वर्षांची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, चुकवायची नाही, नाहीतर पंपावर गॅस भरत नाहीत.

कुणी नवीन पोरगं ह्या धंद्यात येताना मला विचारतं, कुठली घेऊ, तर मी आधी त्याला आडत दुकानातला काटा आणायला लावतो. ट्रॉलीसकट एक टनाच्या आत असेल आणि घाट नसेल तर गॅसची घे, सुखी राहशील. त्याच्या वर डिझेल.

आणि त्याच्याही वर? गेल्या वर्षी येरमाळ्याच्या चैत्री यात्रेसाठी १२५ केव्हीएची ऑर्डर आली. सेट मिळाला, पण ट्रॉलीसकट तीन टनांच्या घरात. मामांनी नव्या डिझेलकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मान हलवली. मी चप्पल घातली आणि शेजारच्या अण्णांकडं गेलो. अण्णांचे आता दोन ट्रॅक्टर आहेत. अंगणात खाट टाकून बसले होते.

"या," म्हणाले, "मला वाटलंच होतं. भाडं मात्र आता तीन रुपयांत एक नाही राहिलं."