सिएनाचं कॅथेड्रल: अपुरी भिंत चुकवू नका

इटलीत फ्लॉरेन्सहून सिएनाला जायचं तर ट्रेनपेक्षा बस बरी. ट्रेनला दीडेक तास लागतो, पण स्टेशन टेकडीच्या पायथ्याशी आहे. सरकते जिने चढून वर यायचं आणि मग पुन्हा चालायचं. बस जुन्या गावाच्या अगदी जवळ सोडते.

कॅथेड्रलच्या दर्शनी बाजूचा खालचा भाग शिल्पकार जोव्हान्नी पिसानोने १२८४च्या सुमारास सुरू केला. वरच्या त्रिकोणांतलं सोनेरी मोझेक मात्र १९व्या शतकातलं. फोटो काढा, पण तिथेच तास घालवू नका. उजवीकडच्या चौकात या. मोकळ्या आभाळाखाली एक उंच भिंत एकटीच उभी दिसेल. १३३९मध्ये सिएनाकरांनी ठरवलं, की सध्याचं अख्खं चर्च क्रुसाच्या आकाराच्या नव्या चर्चचा नुसता आडवा हात व्हावा! फ्लॉरेन्सशी चुरस होतीच. १३४८च्या प्लेगने शहर ओस पाडलं, बांधकामातही दोष निघाले आणि काम कायमचं थांबलं. तुम्ही उभे असता तो चौक म्हणजे न झालेल्या चर्चचा मधला भाग. त्याच्या एका बाजूच्या कमानी बुजवून आत संग्रहालय केलंय. चित्रकार दुच्चोचं 'माएस्ता' हे मेरीचं भलंमोठं चित्र तिथेच आहे. ते १३११मध्ये चित्रशाळेतून कॅथेड्रलपर्यंत मिरवणुकीने आणलं होतं. भिंतीवर चढायची वाटही संग्रहालयातूनच. जिना गोल आणि अरुंद, थोड्या थोड्या लोकांना सोडतात. गुडघे दुखत असतील तर नादी लागू नका.

कॅथेड्रलच्या आत काळे-पांढरे पट्टे डोळ्यांत भरतात, पण खरी करामत पायाखाली. फरशीवर संगमरवरातली ५६ चित्रं आहेत. जुन्या चित्रांत पांढऱ्या दगडावर रेघा कोरून त्यात काळं भरलंय. वाकून पाहिलं की कपड्याची एकेक चुणी दिसते. नंतरच्यांत रंगीत दगडाचे तुकडे जडवलेत. वर्षाचा बराच काळ बहुतेक चित्रं झाकलेली असतात. ऑगस्टच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत साधारण सगळी उघडी मिळतात, तेव्हा तिकीटही महाग. नक्की तारखा अधिकृत साइटवर बघूनच विमानाचं बुकिंग करा. निकोला पिसानोचं प्रवचनपीठ आणि पिंतुरिक्कियोने रंगवलेलं पिक्कोलोमिनी ग्रंथालय बारमाही बघता येतं.

एकत्रित पास घेतलेला परवडतो. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा दुपारनंतर जा. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, ओढणी पुरते. २ जुलै आणि १६ ऑगस्टला पालिओची घोड्यांची शर्यत असते. शर्यत बघायची नसेल तर त्या दिवसांत सिएना टाळाच.