मधला मजला

माझ्या मेव्हण्याचं म्हणणं असं, की उन्हाळ्यात मासे संपावर जातात. हे तो दरवर्षी म्हणतो, साधारण तिसऱ्या रिकाम्या खेपेनंतर. त्याच्याकडे तीन रॉड आहेत, दोन रिळं आहेत आणि एक पेटी आहे, जी उघडली की तिच्या आतले कप्पे पायऱ्यापायऱ्यांनी वर येतात. कप्प्यांत आमिषं. चमच्यासारखी लकाकणारी, रबराचे बेडूक, पिसांचे किडे. माझ्याकडे एक काठी, थोडा तंगूस, शिशाचे मणी आणि गांडुळांचा डबा. मासे दोघांनाही सारखेच मिळत नसल्याने आमच्यात मत्सर कसला तो नाही.

मीही कित्येक वर्षं सगळं खापर माशांवरच फोडत आलो. गळ बारीक करून पाहिला, गाठ बदलली, कणकेच्या गोळीत काय काय मिसळलं ते सांगायलाही लाज वाटते. पाण्याकडे मात्र कधी नीट पाहिलं नाही. पाणी म्हणजे पाणी. वर दिसतं तेच खाली असणार, अशी माझी समजूत. ती मोडली एका बाटलीने.

बाटली काचेची, अरुंद तोंडाची. तळाशी शिसं बांधलेलं, आत बोटाएवढा थर्मामीटर, तोंडाला बूच आणि त्या बुचाला वेगळी दोरी. होडीतून ती हव्या त्या खोलीपर्यंत सोडायची आणि बुचाची दोरी हिसडायची. गुबगुब करत बुडबुडे वर येतात, तिथलं पाणी आत शिरतं. मग झरझर वर ओढून पारा वाचायचा. एका भर दुपारी, काहीच लागत नव्हतं म्हणून, मी हा उद्योग तलावाच्या मध्यावर केला. पृष्ठभागाला २९ अंश. दोन मीटरवर २९. तीनवर २८. चारवर २७. पाच मीटरवर बाटली वर आली तेव्हा काच बाहेरून घामेजली होती आणि पारा २३ वर होता. मला वाटलं थर्मामीटर बिघडला. पुन्हा सोडली. पुन्हा २३.

मेव्हणा म्हणाला, ‘दाजी, मासे धरायला आलोय की पाण्याचा ताप बघायला?’

तलावात पोहलेल्या कुणालाही ही गोष्ट पायाच्या अंगठ्याने ठाऊक असते. छातीपर्यंत कोमट आणि खाली अचानक गार. ऊन वरचं पाणी तापवतं, तापलेलं पाणी हलकं होतं आणि जड, गार पाण्यावर तरंगत राहतं. वारा वरचं वर ढवळतो, पण हा हलका थर जड थरात मिसळायला त्याचा जोर पुरत नाही. मध्ये एक पट्टा उरतो, जिथे थोड्याशा खोलीतच तापमान धाडकन उतरतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या तलावांवर काम करणाऱ्या एडवर्ड बर्ज यांनी १८९७ साली या पट्ट्याला थर्मोक्लाइन हे नाव दिलं. मीटरमागे निदान एक अंश उतार ही त्याची जुनी खूण. माझ्या बाटलीला तर एका मीटरमध्ये चार अंश सापडले होते.

मग मला साहजिकच वाटलं, सापडलं! वर एवढी काहिली, खाली एवढा गारवा, म्हणजे सगळे मासे तळाला जाऊन पहुडले असणार. मी शिसं वाढवलं, गळ पार तळाला सोडला आणि संध्याकाळपर्यंत बसलो. गांडूळ जसं खाली गेलं तसंच वर आलं, फक्त जरा फिकट होऊन.

कारण गारवा म्हणजे सुख, हे आपलं गणित. माशाला श्वासही घ्यायचा असतो. खालच्या पाण्याला उन्हाळाभर वरची हवा लागत नाही. तिथे उजेड पोचत नाही, त्यामुळे वनस्पती प्राणवायू तयार करत नाहीत. वरून मात्र पानं, शेवाळ, मेलेले किडे सतत झिरपत येतात, कुजतात आणि कुजताना असलेला प्राणवायूही संपवतात. खोल, स्वच्छ तलावांत तळालाही श्वास पुरतो आणि ट्राउटसारखे थंडी मागणारे मासे तिथे उन्हाळा काढतात. पण हिरवट, गाळाच्या तलावाचं तळघर म्हणजे बंद खोली. गार, पण गुदमरवणारी.

आणि वरचा मजलाही काही आबादीआबाद नसतो. शून्य अंशाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. पाणी ३० अंशांवर गेलं की जेमतेम साडेसात. तुलनाच करायची तर आपण ओढतो त्या एक लिटर हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतो. त्यातून माशाचं रक्त पाण्याएवढंच तापतं. दहा अंश वाढले की शरीराची गरज दुपटीच्या घरात जाते. म्हणजे हवं जास्त आणि मिळतं कमी, असा संसार. त्याला भूक लागत नाही असं नाही, भूक तर वाढलेली असते. पण घासामागे धावायला दम लागतो, आणि दम मोजून खर्च करायचा असतो. ऐन दुपारी भरधाव ओढलेल्या चकचकीत चमच्याकडे तो बघतही नसेल असं मी मेव्हण्याला सांगितलं. त्याने पेटीचा एक कप्पा बंद केला, एवढंच.

तेव्हा उरतो तो मधला मजला. तापलेल्या थराच्या खाली आणि कोंडलेल्या थराच्या वर, वीत-दोन वीत म्हणा किंवा मीटर-दीड मीटर, एवढ्याच उंचीत उन्हाळी दुपारी बरीच वस्ती दाटलेली असते. तिथे गळ ठेवायचा तर तळ नव्हे, उतार सुरू होतो ती खोली मोजावी लागते. फ्लोट म्हणजे तंगूसाला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा तुकडा; त्याच्यापासून गळापर्यंतचा तंगूस त्या मापाचा. आमच्या तलावात तेव्हा तो साडेतीन-चार मीटर निघाला. मी तसा बांधला आणि चाळीस मिनिटांनी एक मृगळ लागला. मेव्हण्याने योगायोग म्हटलं. दुसरा लागल्यावर त्याने बाटली हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली.

या सगळ्याला अपवाद मरळ. तिच्याकडे हवेतून श्वास घेण्याची वेगळी सोय आहे. कोमट, शेवाळलेल्या, गुडघाभर पाण्यात जिथे इतरांचा जीव कासावीस होतो तिथे ती मजेत राहते, अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेते आणि परत पाणवनस्पतींत शिरते. रबराचा बेडूक त्या वनस्पतींवरून हळूच सरकवला तर पाणी फुटावं तसा आवाज होतो. मेव्हण्याच्या पेटीतली हीच एक वस्तू मला मनापासून हवी आहे.

पण सांगायची राहिली ती त्या सकाळची गोष्ट. आठवडाभर अंगाची लाही झाली होती आणि रात्री वादळ झालं. गार पावसाची सर आली, वारा सुटला. पहाटे पोचलो तर तलावभर मासे. खरोखर, तलावभर. काठापासून मध्यापर्यंत तोंडंच तोंडं, पाण्याच्या रेषेला टेकलेली, उघडतायत, मिटतायत. आम्ही एकमेकांकडे पाहिलं ते दरोडेखोरांच्या नजरेने. मेव्हण्याचे हात थरथरत होते, त्याने आमिष बांधताना गाठ दोनदा चुकवली. मी पहिला गळ टाकला तो एका भल्या मोठ्या कटल्याच्या नाकासमोर. गांडूळ त्याच्या ओठाला घासून खाली गेलं. त्याने तोंड मिटलं नाही, वळून पाहिलं नाही. दुसरा टाकला, तिसरा टाकला. अर्ध्या तासात आम्ही पेटीतलं सगळं पाण्यात दाखवून झालो.

मासे खायला वर आले नव्हते. रात्रीच्या गार पाण्याने आणि वाऱ्याने तलाव ढवळून टाकला होता, तळघरातलं प्राणवायू नसलेलं पाणी सगळीकडे पसरलं होतं. हवेला चिकटलेला पाण्याचा जो सगळ्यांत वरचा पापुद्रा, त्यातच काय तो श्वास शिल्लक होता. ती शेकडो तोंडं त्या पापुद्र्याला लागलेली होती. हे आम्हाला कळलं ते ऊन चढल्यावर, काठाला पांढरी पोटं दिसू लागल्यावर. आम्ही रॉड गुंडाळले. परतताना पेटीच्या कप्प्यांचा खडखड आवाज मला त्या दिवशी फार मोठा वाटला.

तेव्हापासून ‘पहाटे जा, हमखास लागतील’ या सल्ल्यावर माझा आंधळा विश्वास उरला नाही. पहाट गार असते, हे खरं. पण वनस्पतींनी भरलेल्या तळ्यात प्राणवायू सगळ्यांत कमी असतो तो पहाटेच. रात्रभर वनस्पतीही माशांबरोबर श्वासच घेत असतात आणि तयार करायला ऊन नसतं. अशा ठिकाणी सूर्य वर आल्यावर तासाभराने जावं, किंवा सरळ संध्याकाळी. दिवसभराची कमाई तेव्हा पाण्यात असते आणि ऊनही कललेलं असतं. वारा असेल तर तो ज्या काठावर आदळतो तो काठ धरावा. लाटांनी पाण्यात हवा मिसळते, तरंगणारे बारीक जीव त्या बाजूला लोटले जातात आणि त्यांच्या मागे मासे. अडचण एवढीच, की मग गळ वाऱ्याविरुद्ध फेकावा लागतो. माझी एक टोपी या शास्त्रापायी भोकं पडून गेली. नशीब, की टोपीवरच निभावलं.

नदीला हे मजले नसतात. वाहतं पाणी थर बसू देत नाही. तिथे उन्हाळ्यात खडकांवरून फेसाळत उतरणारी धार शोधावी, कारण फेस म्हणजे पाण्यात मिसळलेली हवा. त्या धारेच्या खालीच जिथे डोह सुरू होतो, तिथल्या तोंडाशी मासे प्रवाहाकडे डोकं करून उभे असतात. धार अन्न आणते, श्वास आणते, आणि डोहाच्या आडोशाने फार पोहावंही लागत नाही. याहून सोयीची जागा मला माणसांतही ठाऊक नाही. आमिष त्यांच्या वरच्या अंगाला टाकावं आणि प्रवाहाच्याच गतीने येऊ द्यावं, शिसं अगदी हलकं ठेवून. झाडाची सावली, कुठून तरी मिळणारा गार ओढा, काठातून पाझरणारा झरा, या जागा उन्हाळ्यात सोन्याच्या. झऱ्याचं पाणी पायाला लागतं तेव्हा कळतंच.

आमचं कायमचं भांडण होतं ते बोलण्यावरून. मेव्हण्याचा नियम कडक: काठावर शब्द काढायचा नाही. मी वाचून त्याला सांगितलं, की हवेतला आवाज पाण्यावर आपटला की जवळजवळ सगळा परत फिरतो, हजारातला एखादा भाग आत जातो. तू खुशाल गप्पा मार, पण पाय आपटत चालू नकोस. जमिनीतून जाणारी थरथर माशाला अंगाच्या कडेवरच्या रेषेने जाणवते. आणि मुख्य म्हणजे उभा राहू नकोस. माशाला बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं, साधारण ९७ अंशांच्या कोनात दाबून बसवलेलं. क्षितिजाजवळचं त्या खिडकीच्या कडेला चेपलं जातं. म्हणून बसलेला माणूस कडेला ठिपक्याएवढा, उभा राहिला की डोंगर. मेव्हणा सहा फुटांचा आहे. हे शास्त्र त्याला वैयक्तिक वाटलं.

सोडायच्या माशांबाबत मात्र आमचं एकमत आहे. गरम पाण्यात झुंजून दमलेला मासा गळ काढल्यावर पोहत गेला तरी पुढे वाचेलच असं नाही. म्हणून हात ओले करून धरायचा, शक्य तो पाण्यातच गळ सोडवायचा आणि फोटोसाठी लोंबकळवायचा नाही. अमेरिकेतल्या माँटाना राज्यात तर नदीचं कमाल तापमान लागोपाठ तीन दिवस ७३ फॅरनहाइटच्या, म्हणजे २३ सेल्सिअसच्या जवळपास गेलं, की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद करण्याचा शिरस्ता आहे. त्या बंदीला घुबडाच्या आवाजावरून ‘हूट आऊल’ म्हणतात. ट्राउटला वीस अंशांच्या वरच त्रास सुरू होतो. आम्हीही आता पाणी फार तापलं की काठीऐवजी नुसती बाटली सोडतो. सोडतो म्हणजे मी सोडतो. मेव्हणा आकडे लिहून घेतो, कारण माझे हात ओले असतात.

परवा संध्याकाळी गेलो होतो. एक काठी लावून ठेवली, फ्लोट चार मीटरवर बांधलेला, आणि दुसऱ्या बाजूने बाटली पाचवर सोडली. बूच हिसडलं, बुडबुडे आले, मी ओढायला लागलो.

‘दाजी, फ्लोट!’

‘थांब, पारा चढेल.’

‘दाजी, फ्लोट गेला खाली!’

‘बावीस. लिही, बावीस.’

मी वळलो तेव्हा फ्लोट परत वर येऊन शहाण्यासारखा डोलत होता. काठी उचलली, गळ धुतल्यासारखा स्वच्छ. वहीत त्या दिवसाची नोंद मेव्हण्याच्या अक्षरात आहे: पाच मीटर, २२ अंश, गांडूळ गेलं.