मोड, छिन्नी आणि फिनिशियन चांदी

विट्याकडच्या अनेक घरांप्रमाणे आमच्या घरातही गलाईचा, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा, व्यवसाय होता. त्यामुळे चांदी म्हटले की मला आधी मोड आठवते: तुटलेली पैंजणे, चेपलेल्या वाट्या, विटांचे तुकडे, आणि संशय आला की त्यावर अण्णांनी मारलेला छिन्नीचा घाव. मुलाम्याखाली तांबे असले तर ते त्या घावात लगेच दिसते.

फिनिशियन व्यापाऱ्यांविषयी वाचताना हीच मोड मला पुन्हा भेटली. आजच्या लेबननच्या किनाऱ्यावरील टायर आणि सिडॉन या नगरांतील या दर्यावर्दींनी देवदाराचे लाकूड आणि समुद्री गोगलगायींपासून काढलेला जांभळा रंग दूरदूर विकला, पार स्पेनमधील गादिरपर्यंत, म्हणजे आजच्या कादिझपर्यंत, वसाहती केल्या आणि तिकडची चांदी पूर्वेला आणली. तरीही शतकानुशतके त्यांनी स्वतःचे नाणे पाडले नाही. आजच्या पश्चिम तुर्कस्तानातील लिडियात नाणी इ.स.पू. सातव्या शतकातच निघाली होती. हे मागासलेपण होते असे मला मुळीच वाटत नाही, कारण ज्याच्या हाती तराजू आहे आणि ज्याला टंच, म्हणजे धातूची शुद्धता, ओळखता येतो, त्याचे शिक्क्यावाचून काही अडत नाही.

इस्रायलच्या किनाऱ्यावरील दोर येथे एका मडक्यात सुमारे 3,000 वर्षांपूर्वीची साडेआठ किलो चांदी सापडली. ती कापडाच्या 17 पुरचुंड्यांत बांधलेली होती, प्रत्येकीचे वजन साधारण 490 ग्रॅम, आणि पुरचुंड्यांवर मातीच्या मुद्रा लावलेल्या होत्या. वजन करून मोहोरबंद केलेली ही पुरचुंडी म्हणजे माझ्या दृष्टीने नाण्याची थोरली बहीणच आहे.

पुढे इ.स.पू. 450 च्या सुमारास नाणी आली. टायरने लाटांवरचा डॉल्फिन कोरला, तर सिडॉनने युद्धनौका. सिडॉनचे मोठे नाणे सुमारे 28 ग्रॅमचे, म्हणजे जवळजवळ अडीच तोळ्यांचे होते.

छिन्नी मात्र सुटली नाही. पूर्वेकडे आलेल्या अथेन्सच्या घुबडछाप नाण्यांवर असे घाव वारंवार आढळतात. तसल्या एका नाण्याचे छायाचित्र मी अण्णांना दाखवले. घुबडाच्या डोक्यावरून गेलेली ती खाच त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "आत पांढरंच आहे. घेतलं असणार त्यानं."