तुम्ही विचारलंत म्हणून : शिकारी बाणाच्या टोकाचं ते पातं वेळेला उघडतं का?

"काका, ते पातं वेळेला उघडतंय तरी काय ओ?" फौंड्रीच्या नोकरीसाठी मी काही वर्षं अमेरिकेत, विस्कॉन्सिनला होतो आणि तिथं परवाना काढून धनुष्यानं हरणाची शिकार करत होतो, हे कळलं की हा प्रश्न येतोच. बेळगावजवळच्या खानापुरात येतो, बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, चहाच्या टपरीवर येतो, लग्नाच्या पंगतीतही येतो. पूर्वी येत नसे. २०२३ साली साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे बर्लिनमध्ये कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याचे जगज्जेते झाले, तेव्हापासून आमच्याकडची पोरं या धनुष्याचे व्हिडिओ बघायला लागली. एक संपला की मोबाईल आपणहून पुढचा लावतो, आणि तो नेमका अमेरिकेतल्या शिकारीचा असतो. त्यात बाणाच्या टोकाला मिटलेली पाती दिसतात, हरणाला लागताच उघडतात. मग शंका येते ती रास्तच आहे : हलणारा भाग आला की तो कधीतरी दगा देणारच की. उद्यमबागेत मशीनवर हात काळे केलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

तर उत्तर असं, की उघडतं. बऱ्या बनावटीचं, नवं आणि नीट बसवलेलं टोक जवळजवळ नेहमीच उघडतं. उघडण्याचा खर्च कोण भरतो आणि तो भरल्यावर बाणात जोर किती उरतो, हा खरा प्रश्न आहे, आणि तो मात्र कुणी विचारत नाही.

शिकारीच्या या टोकाला ब्रॉडहेड म्हणतात. बाण बंदुकीच्या गोळीसारखा दणका देऊन मारत नाही, तो कापतो. फुप्फुसं आणि मोठ्या रक्तवाहिन्या कापल्या गेल्या तर हरीण काही सेकंदांत कोसळतं, म्हणून सगळी मदार धारेवर. जुन्या पद्धतीच्या ब्रॉडहेडमध्ये पाती पक्की बसवलेली असतात. त्यात बिघडण्यासारखं काही नसतं, पण धनुष्याची जुळणी जरा जरी चुकली आणि बाण किंचित तिरका सुटला, की हीच पाती वारा पकडतात आणि बाणाला भलतीकडे नेतात. व्हिडिओतलं ते उघडणाऱ्या पात्यांचं टोक म्हणजे मेकॅनिकल टोक. त्याची पाती उडताना मिटलेली असतात, त्यामुळं बाण सरावाच्या साध्या टोकासारखाच सरळ जातो. माझ्या मते या टोकाचा खरा गुण हाच. जाहिरातीत मात्र भोकाचा आकार मोठ्या अक्षरांत छापतात.

त्या आकाराचंही गणित बघा. दोन पात्यांचं मेकॅनिकल टोक उघडल्यावर २ इंच रुंद होतं, म्हणजे काप २ इंचांचा. पक्क्या तीन पात्यांचं टोक सव्वा इंचाच्या आतलं, समजा १⅛ इंच व्यासाचं असतं. पण त्यात मध्यापासून निघणारी तीन पाती आहेत, प्रत्येकी अर्ध्या इंचाहून थोडी मोठी. तिन्हींची बेरीज जवळपास १.७ इंच. म्हणजे "दुप्पट" वाटणारा फरक प्रत्यक्षात तेवढा नाही.

आता खर्च. बाणाचा जोर काढायचं तिकडचं रूढ सूत्र सोपं आहे : बाणाचं वजन ग्रेनमध्ये घ्यायचं, वेग फूट प्रति सेकंदात, वेगाचा वर्ग करून वजनानं गुणायचं आणि ४,५०,२४० नं भागायचं. उत्तर फूट-पौंडात येतं. ४०० ग्रेनचा, म्हणजे सुमारे २६ ग्रॅमचा बाण सेकंदाला २७० फुटांनी सुटला तर ६५ फूट-पौंड भरतात. हे झालं दणकट माणसाच्या धनुष्याचं. तेच ४० पौंड ओढीचं, म्हणजे दोरी ताणायला तेवढा जोर लागणारं धनुष्य घेतलं आणि ३५० ग्रेनचा बाण २०० फुटांनी सुटला, तर हातात ३१ उरतात. बाण बनवणाऱ्या ईस्टन कंपनीच्या तक्त्यात हरणासाठी २५ ते ४१ फूट-पौंड दिलेत. त्या हिशेबानं ३१ पास होतात. पण तक्ता टोक कुठलं हे विचारत नाही. पाती उघडायला थोडा जोर जातो, आणि उघडलेलं रुंद टोक कातडी-बरगड्यांतून रेटायला त्याहून पुष्कळ जास्त जातो. मिटलेली छत्री गर्दीतून सहज निघते, उघडी छत्री घेऊन घुसून बघा. कमी ओढीच्या धनुष्यावर असं टोक लावलं तर पाती व्यवस्थित उघडतात आणि बाण अर्ध्यात अडकतो. मचाणावरून मारलेला बाण दुसऱ्या बाजूनं बाहेर पडलाच नाही तर खालच्या अंगाचं भोक होत नाही, रक्त जमिनीवर पडत नाही, आणि माग काढणाऱ्याची रात्र पालापाचोळा चाळण्यात जाते.

विस्कॉन्सिनमध्ये हरणासाठी धनुष्याची ओढ किमान ३० पौंड लागते. तेवढ्याच ओढीवर शिकार करणाऱ्या पोराला किंवा बाईला मी मेकॅनिकल टोक कधीच सुचवणार नाही, कितीही महाग असलं तरी. ६० पौंडांच्या पुढं मात्र माझी काही तक्रार नाही.

उघडण्याची तऱ्हाही एक नसते. एका प्रकारात पात्यांची टोकं पुढं असतात. ती कातडीला अडकतात आणि पाती बिजागरीवर मागं फिरतात. हा प्रकार आत शिरता शिरता उघडतो, त्यामुळं आत जाण्याचं भोक लहान राहू शकतं. दुसऱ्यात पाती खाचेतून मागं सरकत बाहेर फाकतात, त्यामुळं शिरतानाच काप रुंद पडतो आणि जोरही कमी वाया जातो. निवडायचंच झालं तर मी हा दुसरा घेईन.

दगा बसतो तो तिरप्या माराला. हरीण आडवं उभं असेल तर दोन्ही पाती एकदम टेकतात. ते तिरकं उभं असेल तर एक पातं आधी लागतं, बाणाचा शेपटाकडचा भाग बाजूला झोकांडतो, आणि आत जायचा जोर त्या झोकांडण्यात संपतो. मचाणावरून अगदी पायाखालच्या हरणावर सोडलेल्या बाणाचंही असंच होऊ शकतं. खांद्याच्या फऱ्यावर बाण गेला तर कुठलंच टोक भरवशाचं नाही, पण बारीक पाती आणि बिजागरी असलेलं टोक तिथं आधी हार मानतं. जोडून ठेवलेल्या पत्र्यापेक्षा अखंड पोलाद मजबूत, एवढी साधी गोष्ट आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं तुमचं मत झालं. मग मेरीलँड राज्यातल्या इंडियन हेड या नौदल तळाच्या नोंदी बघा. तिथं आवारातली हरणं आटोक्यात ठेवायला धनुर्धारी शिकाऱ्यांना परवानगी देत, आणि १९८९ पासून कुणाचा बाण लागला, हरीण मिळालं की नाही, हे लिहून ठेवत. बाण लागलेल्या हरणांपैकी साधारण १८ टक्के हाती लागली नव्हती. टोकांप्रमाणे फोड केली तेव्हा पक्क्या पात्यांनी लागलेली ८२ टक्के हरणं मिळाली होती आणि मेकॅनिकल टोकांनी लागलेली ९१ टक्के. मेकॅनिकलवाल्यांना हा आकडा पाठ असतो. पण हा आखून केलेला प्रयोग नव्हता, ज्यानं जे टोक आणलं त्याची नोंद होती. शिवाय तिथल्या शिकाऱ्यांना आधी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागे. म्हणून आकड्याचा अर्थ मी एवढाच घेतो, की हात बसलेल्या माणसाच्या धनुष्यावर हे टोक कमी पडत नाही. उलटं मतही पूर्वी कायद्यात होतंच. आयडाहो आणि ओरेगॉन राज्यांनी शिकारीत ही टोकं बरीच वर्षं वापरू दिली नव्हती.

टोकावर इतकं बोलणारे लोक हरणाबद्दल मात्र काहीच बोलत नाहीत, याचं मला नवल वाटतं. ६० फुटांवर उभ्या हरणापर्यंत बाण जायला २७० फुटांच्या वेगानं ०.२२ सेकंद लागतात. दोरीचा आवाज सेकंदाला सुमारे ११२५ फुटांनी जातो, तो ०.०५ सेकंदात पोचतो. सावध हरीण आवाज ऐकताच उडी घेण्यासाठी आधी खाली दबतं, आणि छातीवर धरलेला बाण पाठीवरून निघून जातो. ९० फुटांवर त्याला याहून बराच जास्त वेळ मिळतो. २ इंचांचं टोक बोटभर चूक पोटात घालतं, वीतभर नाही.

आणि देखभाल. मिटलेली पाती जागेवर धरायला रबरी कडी असते, नाहीतर प्लॅस्टिकचं कडं, नाहीतर स्प्रिंग. विस्कॉन्सिनचा धनुष्यांचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होऊन जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो. शेवटी शेवटी पारा शून्याच्या खाली फार घसरतो, रबर कडक होतं आणि तडकतं. कडी तुटून भात्यातच पातं सुटलं आणि ते न बघता बाण लावला, तर तो उडतानाच भरकटतो. "उघडलं नाही" म्हणून मी ऐकलेल्या किश्श्यांपेक्षा "आधीच उघडलं" हे किस्से जास्त आहेत. त्यामुळं बाण दोरीला लावण्याआधी कड्यावरून अंगठा फिरवायचा. एकदा वापरलेलं टोक धुऊन परत लावणारे कंजूष मी तिथंही पाहिलेत. पाती बदलता येतात, धारही लावता येते, पण वाकलेली बिजागरी डोळ्यांना दिसत नाही.

एवढं ऐकल्यावर पुढचा प्रश्न हळू आवाजात येतो : "मग आपल्याकडं?" आपल्याकडं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्याचं कलम ९ शिकारीला बंदी घालतं, आणि धनुष्य बंदुकीपेक्षा गप्प असतं म्हणून कायदा डोळा झाकत नाही. खानापूर तालुक्यातलं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं. तिथल्या सांबर-चितळांना विस्कॉन्सिनच्या हरणांसारखं समजू नका. तिकडं हरणं इतकी माजलीत की सरकारच परवाने विकतं आणि मारलेल्या प्रत्येक हरणाची नोंद घेतं. उसात डुकरं शिरतात, ही शेतकऱ्याची अडचण खरी आहे, पण तिचा रस्ता वन खात्याच्या कचेरीतून जातो, माझ्या भात्यातून नाही.

तिकडून दोन-चार टोकं मागवून द्या, असंही काहीजण म्हणतात. मी मागवत नाही. स्पर्धेत ती चालत नाहीत, आणि सरावाच्या मैदानावर ती आणलीत तर फोमचं लक्ष्य आठवड्याभरात फाटतं. नवं लक्ष्य सगळ्यांच्या वर्गणीतून येतं, आणि वर्गणी गोळा करायचं काम सध्या माझ्याकडं आहे.