चारला निघायची परवानगी: माझा अनुभव

वडिलांचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चारेक तास. त्या तीन दिवशी मला संध्याकाळी चारला आमच्या जीवशास्त्राच्या लॅबमधून निघायचं होतं, बदल्यात सकाळी सातला यायची तयारी होती. गटप्रमुख लगेच हो म्हणाले.

अडलं आस्थापना विभागात. अर्जात कामाच्या वेळेसाठी एकच ओळ: अमुकपासून तमुकपर्यंत. सोमवारची वेळ मंगळवारपेक्षा वेगळी असू शकते, हे त्या कागदाच्या गावीही नव्हतं. "मॅडम, एकच काय ती वेळ ठरवा, सिस्टीम दोन घेत नाही." मग कोणीतरी शंका काढली की सकाळी सातला लॅबमध्ये दुसरं कोण असतं? फाइल सुरक्षा समितीकडे गेली. समिती म्हणे, आधी आस्थापनेने वेळ मंजूर करावी, मग आम्ही बघू. आस्थापना म्हणे, आधी समितीची सही आणा. दोन्ही खोल्या एकाच मजल्यावर, पण फाइल मलाच फिरवावी लागायची.

एकट्याने ज्वलनशील द्रावक किंवा तीव्र आम्लं हाताळू नयेत हा नियम योग्यच आहे, त्यावर माझं भांडण नाही. पण इतकी वर्षं आम्ही रात्री अकरापर्यंत जेल (डीएनए किंवा प्रथिनं आकारानुसार वेगळी करायचा प्रयोग) चालवत बसायचो, तेव्हा सोबत कोण आहे हे एकाही समितीने विचारलं नाही. प्रयोगासाठी वेळ वाकवली की ती निष्ठा, घरासाठी वाकवली की अर्ज करा! हे मी तिथे बोलूनही दाखवलं. उपयोग शून्य.

शेवटी अर्जाला एक पान जोडलं. वाराप्रमाणे वेळा, आणि सात ते नऊ फक्त डेटाचं विश्लेषण व लेखन, रसायनांना हात नाही. खाली गटप्रमुखांची सही. त्या पानावर दोन्हीकडच्या सह्या झाल्या, तीही सहा महिन्यांपुरती. तुम्ही हे पान पहिल्याच दिवशी जोडा.

आणखी एक, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. "प्रयोग मध्येच सोडून जाणार का?" हा प्रश्न येतोच, त्याचं उत्तर तयार ठेवा. प्रथिनं बनवून घ्यायला आम्ही वाढवतो तो ई. कोलाय हा जिवाणू ३७ अंशांवर, चांगल्या माध्यमात वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. त्याला आपल्या घरचं काय! पण आयपीटीजी (जिवाणूला आपल्याला हवं ते प्रथिन बनवायला लावणारं रसायन) घातल्यावर ३७ अंशांवर तीन-चार तास थांबण्याऐवजी तापमान १८ वर आणून फ्लास्क रात्रभर शेकरवर, म्हणजे हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर, ठेवता येतो. पुष्कळ प्रथिनं उलट त्यातच नीट विरघळलेली मिळतात. वेस्टर्न ब्लॉट या प्रथिन ओळखायच्या चाचणीत त्या प्रथिनाला चिकटणारी पहिली (प्रायमरी) अँटीबॉडीही ४ अंशांवर रात्रभर ठेवता येते. मी आता हे टप्पे मुद्दाम चारच्या आधी आणून ठेवते.

गटाची मीटिंग मात्र साडेचारचीच राहिली.

मंजुरीपत्राचा फोटो फोनमध्ये असू द्या. हजेरीचं मशीन अजूनही त्या तीन दिवशी 'लवकर निर्गमन' असा लाल शेरा मारतं, आणि महिनाअखेरीस ते पत्र मला पुन्हा दाखवावं लागतं.