आमची वाटचाल : दोरी हातातून खेचणारी मशीन

दुकानाच्या पाटीवर अजूनही ‘शेतीपंप व इंजिन दुरुस्ती’ असंच लिहिलंय. पाटी वडिलांनी रंगवून घेतलेली. ते डिझेल इंजिनं उघडायचे, मोटारी भरायचे, आणि आंब्याला मोहोर आला की फवारणीचे पंप अंगणात रांगेने लागायचे. मी आयटीआय करून 2011 मध्ये त्यांच्या शेजारी बसलो, तेव्हा ग्रास कटर नुकते वाडीवाडीत येऊ लागले होते. टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारं छोटं इंजिन, हा प्रकार वडिलांना कधीच आवडला नाही. “मूठभर इंजिन आणि गाडीभर नखरे,” म्हणायचे. त्यामुळे ते काम आपोआप माझ्याकडे आलं.

झाडं कापायच्या मशीन, म्हणजे दोरी ओढून सुरू करायचे चेनवाले कटर, तेव्हा महिन्याला दोन-तीन यायच्या. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि सगळं बदललं. दापोलीत ज्याच्या अंगणात झाड पडलं नाही असं घर शोधावं लागलं असतं. आंबा, फणस, माड, पोफळी, सगळं आडवं. वीज नव्हती, रस्ते बंद होते, वर लॉकडाऊन. मिळेल तिथून लोकांनी मशीन आणल्या आणि ज्यांनी आयुष्यात कोयत्यापलीकडे काही धरलं नव्हतं त्यांनीही त्या चालवल्या. कुणी ऑइल न घालता पेट्रोल भरलं, कुणी चेन उलटी बसवली. त्या पावसाळ्यात आम्ही किती पिस्टन बदलले ते मोजायचं राहूनच गेलं. पुढच्या मे महिन्यात तौक्ते येऊन गेलं, तोवर पंपांचं काम मागे पडून कटरचं दुकान अशीच आमची ओळख झाली होती.

काम वाढलं तशी डोक्यात हवाही शिरली. मोबाइलवर परदेशी लोक मशीनची ताकद वाढवताना दिसायचे. आम्हीही सुरू केलं. सिलिंडरखालची बेस गॅस्केट काढून टाकायची, म्हणजे सिलिंडर अर्धा मिलिमीटर खाली बसतो, वरची जागा कमी होते, कॉम्प्रेशन म्हणजे आतल्या हवेचा दाब वाढतो. सायलेन्सरचं तोंड मोठं करायचं. मॅग्नेट, म्हणजे चुंबकाचं फिरतं चाक, जागेवर धरणाऱ्या छोट्या चावीची एक बाजू कानशीने घासून टाइमिंग थोडं पुढे घ्यायचं, म्हणजे ठिणगी थोडी आधी पडते. आकेशियाच्या तोडणीवाल्यांना हे फार आवडलं. ओंडक्यात मशीन घातली की फरक हाताला कळायचा.

त्यातलीच एक, सत्तर सीसीच्या आसपासची, एका मुकादमांची. काका पन्नाशीचे, माणसं सांभाळणारे. आम्ही मशीन करून दिली आणि तीन आठवड्यांनी ते ती गोणपाटात गुंडाळून परत घेऊन आले. बरोबर एक पोरगा, उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी बांधलेली.

“मालक, ही सुरू व्हायला सकाळचा अर्धा तास खाते. आणि दोरी आत खेचते. पोराची बोटं गेलीच होती.”

मी प्लग काढला. ओला. म्हटलं, इंजिन ओव्हर झालंय, आत पेट्रोल जास्त गेलंय, चोक जास्त देताय. प्लग वाळवला, दोरी ओढून आतलं पेट्रोल उडवून दिलं, तोच प्लग परत लावला. सातव्या ओढीला सुरू झाली. काका काही बोलले नाहीत, मशीन घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी परत हजर.

मग मी रीतसर मागे लागलो. पेट्रोल बदललं, लिटरला वीस मिली ऑइल घालून ताजं मिश्रण केलं. कार्बोरेटरचा पडदा कडक झाला होता, तो बदलला. प्लग बाहेर धरून करंट पाहिला, निळा आणि ठसठशीत. मग कॉम्प्रेशन मोजायचं गेज लावलं, काटा 120 पीएसआयवर थांबला. मला वाटलं, सापडलं! पिस्टनच्या रिंगा गेल्या. रिंगा बदलल्या. फरक शून्य.

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि चूक माझीच होती. गेज मोटरसायकलचं होतं, लांब रबरी नळीचं. त्याचा व्हॉल्व्ह गेजच्या टोकाला असतो, म्हणजे नळीतली सगळी पोकळी इंजिनच्या खोलीत मिळते. मोटरसायकलला ते चालून जातं. पण कटरची वरची खोली चमचाभर, तिथे नळीएवढी जागा वाढली की आकडा सरळ पडतो. प्लगच्या बाजूलाच व्हॉल्व्ह असलेलं गेज पुण्याहून मागवलं. प्लगच्या जागी ते लावून, थ्रॉटल पूर्ण दाबून, काटा हलायचा थांबेपर्यंत दोरी ओढली. 205! शेजारी त्याच जातीची, आम्ही हात न लावलेली मशीन होती. ती 155.

म्हणजे ज्याला मी दोन दिवस कमी कॉम्प्रेशन समजत होतो ते जास्तीचं होतं, आणि ते मीच वाढवून दिलं होतं.

त्यानंतर सगळं एकेक करून जुळत गेलं. मशीनवर डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह होता, म्हणजे सुरू करताना दाबायचं ते छोटं बटण. दाबलं की थोडी हवा बाहेर जाते आणि दोरी हलकी लागते. तो गळत होता म्हणून आमच्याच पोराने तिथे बोल्ट पिळून टाकला होता. आता 205 च्या विरुद्ध माणूस दोरी जोरात ओढूच शकत नाही, दोरी अर्ध्यात अडकते. आणि या इंजिनांना बॅटरी नसते. मॅग्नेट कॉइलसमोरून जितक्या वेगाने जाईल तितका करंट. हळू ओढलं की करंट मरतो. त्यातून प्लगची फट झिजून रुंद झालेली. बाहेर मोकळ्या हवेत ठिणगी पडते, पण आत दाबलेल्या हवेतून उडी मारायला जास्त जोर लागतो, तिथे ती पडत नाही. ठिणगी नाही, पेट्रोल मात्र आत येतंच राहतं. म्हणून प्लग ओला. चोकवाल्याचा दोष नव्हता, मी उगाच त्याच्यावर ढकललं होतं.

दोरी आत खेचण्याचं कारण ती घासलेली चावी. टाइमिंग पुढे घेतलं की वेगात इंजिन खूश असतं, पण सुरू करताना ठिणगी पिस्टन वर पोचायच्या बरीच आधी पडते. हळू वर चाललेला पिस्टन भडक्याने उलटा ढकलला जातो आणि मूठ बोटांसकट आत जाते.

शेवटी सोल्डरची तार प्लगच्या भोकातून सिलिंडरच्या कडेपर्यंत सारली, इंजिन हाताने फिरवलं आणि चेपलेली तार व्हर्नियरवर धरली. 0.4 मिलिमीटर. गरम इंजिन पूर्ण वेगात असताना पिस्टन आणि हेडमध्ये एवढीच जागा ठेवणं म्हणजे आगाऊपणा. 0.5 च्या खाली आम्ही आता कुणाचीच बसवत नाही.

गॅस्केट परत घातली. चावी नवी. डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह नवा. प्लगची फट 0.5, कॉइल आणि मॅग्नेटमधलं अंतर 0.3. ते मी साध्या व्हिजिटिंग कार्डाने घेतो, फीलर गेज असूनही. सायलेन्सर तेवढा मोकळाच ठेवला, कारण त्याने सुरू होण्याचा त्रास होत नाही. फक्त हवा वाढते म्हणून हाय स्पीडचा स्क्रू थोडा सोडून पेट्रोल वाढवावं लागतं, नाहीतर पिस्टन जळतो. गेजने 165 दाखवलं. बटण दाबून, दाब लागेपर्यंत दोरी हळू ओढून मग एक झटका. चोकवर तिसऱ्या ओढीला ढुप्प झालं, चोक अर्ध्यावर घेतला, पुढच्या ओढीला सुरू.

काकांकडून पैसे घेतले नाहीत. पोराच्या डॉक्टरचे दिले. वडील तेव्हा दुकानात बसून असायचे, नुसतं बघायचे. संध्याकाळी म्हणाले, “रिंगांचे पण परत दे.” ते द्यायचे मी विसरलो होतो.

त्या सीझनमध्ये आम्ही तशा केलेल्या अकरा मशीन होत्या. मालकांना फोन करून सगळ्या बोलावल्या. आठ आल्या. दोघांनी सांगितलं, आम्हाला आहे तशीच आवडते. एक मशीन कर्नाटकात विकली गेली होती.

आता दुकानात येणाऱ्या प्रत्येक मशीनचं कार्ड असतं. येताना कॉम्प्रेशन किती, जाताना किती, प्लगची फट, काय बदललं. ताकद वाढवून अजूनही देतो, कारण मोठ्या ऐनाच्या ओंडक्यात तिचा खरोखर उपयोग होतो. पण आधी विचारतो की दिवसातून किती वेळा बंद-चालू करणार आणि दोरी कोण ओढणार. माडाच्या झावळ्या आणि फांद्या कापणाऱ्याला साधी ट्यूनिंगच पुरते. दुकानात आता तिघे कामाला आहेत, आणि चिंधी बांधून आलेला तो पोरगा त्यातला एक. कार्ब्युरेटर तो माझ्यापेक्षा चांगला उघडतो.

मुकादम काका दर ऑक्टोबरला मशीन आणतात, कार्डावरचा आकडा चष्मा लावून बघतात. गेल्या खेपेला पैसे देता देता हळूच म्हणाले, “मालक, ती गॅस्केट परत काढली तर?”

आतून पोरगा ओरडला, “दोरी तुम्ही ओढणार का, काका?”