लंडी खाना कुठे आहे?

स्मरणिकेत बहुतेक जण गणिताच्या सरांवर लिहितील, कारण मार त्यांनीच जास्त दिला. मला लिहायचं आहे भूगोलाच्या सरांबद्दल, आणि आपल्या शाळेशी काही संबंध नसलेल्या एका वैमानिकाबद्दल.

१९७१च्या डिसेंबरात मी सहावीत होतो. वडील ओझरला ‘मिग’मध्ये. हिंदुस्थान एरोनॉटिक्स हे पूर्ण नाव आमच्याकडे फक्त पगाराच्या कागदावर असायचं. खिडक्यांना काळे कागद, संध्याकाळी सायरन, आणि वर्गात ओझरच्या पोरांची देवळालीच्या तोफखान्यातल्या पोरांशी हमरीतुमरी: युद्ध कोण जिंकतंय, विमानं की तोफा? सर त्यात पडत नसत. ते फळ्यावर नकाशा टांगायचे आणि पहिला प्रश्न ठरलेला: “छापलाय कधी?” साल सांगता आलं नाही तर त्या पोराला नकाशाला हात लावू देत नसत. आम्हाला हा निव्वळ विक्षिप्तपणा वाटायचा.

त्याच डिसेंबरात, १० तारखेला, फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकरांचं सुखोई-७ पाकिस्तानात पडलं. (हल्ली ओझरला बनतं ते सुखोई-३० वेगळं. सुखोई-७ एकाच इंजिनाचं, थेट रशियातून आलेलं.) ते पकडले गेले, रावळपिंडीच्या छावणीत पोहोचले. विमान पडलंच तर कैदेत बसून राहणार नाही, असं ते युद्धाआधीच बोलून गेले होते. बोलतात पुष्कळ जण. यांनी सहकाऱ्यांच्या साथीने खोलीची भिंत फोडायला घेतली. जुलै १९७२ मध्ये सिमला करार झाला, तरी सुटकेचं नाव नव्हतं. अखेर १२ ऑगस्टच्या रात्री परुळकर, मालविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी भिंतीतून बाहेर पडले. बसने पेशावर, आणि तिथून खैबर खिंडीच्या दिशेने, अफगाणिस्तानकडे. पूर्वेकडची सीमा जवळ, पण सैनिकांनी भरलेली. म्हणून ही उलटी वाट.

त्यांच्याजवळच्या नकाशावर खैबर खिंडीतल्या रेल्वेचं शेवटचं स्टेशन होतं लंडी खाना. सरहद्द तिथून हाकेच्या अंतरावर. तिघे लंडी कोतलला पोहोचले आणि त्यांनी लंडी खान्याची वाट विचारली. लंडी कोतलपासून लंडी खान्यापर्यंतची ती लाइन १९२६ साली सुरू झाली होती आणि १९३२ मध्ये बंदही झाली होती. चाळीस वर्षं बंद असलेल्या स्टेशनची चौकशी करणारी ही माणसं कोण, असा संशय आला आणि सरहद्द चार-पाच मैलांवर असताना तिघे पकडले गेले.

मी नोकरीला लागल्यावर ही हकीकत वाचली आणि सरांना सांगायला पंचवटीत गेलो. वाटलं, हळहळतील. सर उठून बसले, डोळे चमकले, आणि म्हणाले, “मग? साल बघितलं होतं का त्यांनी?” कैदेतल्या माणसाला हाताला लागेल तोच नकाशा वापरावा लागतो, हे मी सांगून पाहिलं. सरांना ते पटलं नाही. आजही मला वाटतं, या एका बाबतीत सर अन्याय करत होते.

खरं तर मला भिंत फोडण्याहूनही पुढचा भाग मोठा वाटतो. लंडी कोतलला जीव धोक्यात होता. हेर समजून तिथेच गोळी घातली असती तर विचारणारं कोणी नव्हतं. आपण पाकिस्तानी हवाई दलाचे आहोत, ही बतावणी टिकत नव्हती. तेव्हा परुळकरांनी उस्मान हमीद यांना फोन लावून द्या म्हणून हट्ट धरला. हे आधी छावणीचे प्रमुख होते, माणूस म्हणून चांगले, आणि आता पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांचे एडीसी, म्हणजे खास मदतनीस अधिकारी. ही माणसं आमच्याकडची आहेत, त्यांना सांभाळा, असं हमीद यांनी फोनवर सांगितलं. शत्रूच्या देशात, बेड्या पडायच्या क्षणी, आपल्याला कोण ओळखेल आणि तो कसा वागेल याचा असा अचूक अंदाज करणं सोपं नाही.

परुळकरांच्या १९६५च्या युद्धातल्या कामगिरीबद्दल लोक फारसं बोलत नाहीत. तेव्हा गोळी विमानाला लागून त्यांचा उजवा खांदा जखमी झाला होता. विमान सोडून उडी मारण्याचा सल्ला मिळाला, तो त्यांनी मानला नाही. ते विमान तळावर उतरवलं म्हणून त्यांना वायुसेना पदक मिळालं. विशिष्ट सेवा पदक पुढचं. पलायनाच्या गोष्टीने हे सगळं झाकून टाकलं, याचं मला वाईट वाटतं.

पुन्हा पकडल्यावर त्यांना लायलपूरच्या तुरुंगात ठेवलं. १ डिसेंबर १९७२ रोजी वाघा सीमेवरून सगळे परत आले. परुळकर ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झाले.

सहावी-सातवीच्या मुलांना हे सगळं तासभर सांगायला मी केव्हाही यायला तयार आहे. खैबरचा मोठा नकाशा तेवढा शाळेने मिळवावा, माझ्याकडचा फाटला आहे.